वारा किती अडवायचा? हलक्या विंडचीटरची पार्श्वभूमी

नोव्हेंबर लागला की धुळं-जळगावकडच्या पळणाऱ्या आणि सायकलवाल्या ग्रुपमध्ये हा प्रश्न ठरलेला, हलकं विंडचीटर कोणतं घ्यावं भो. उत्तरंही ठरलेली, अमुक कंपनीचं घे, फुल वॉटरप्रूफ आहे, एक थेंब आत येत नाही. पण वाऱ्यासाठी घ्यायच्या कपड्याची चौकशी सगळेजण पाण्यावरूनच का करतात हे काही एका दिवसात झालेलं नाही, त्यामागे बरंच काही आहे म्हणून जरा मागचं लिहितो.

फार जुनं थोडक्यात उरकतो. ध्रुवाकडचे लोक सीलच्या आतड्याचे पापुद्रे शिवून वारा-पाणी अडवणारे अंगरखे करायचे, तिथनं सुरुवात धरतात. १८७९ मध्ये इंग्लंडात गॅबर्डिन आलं, म्हणजे घट्ट विणलेलं कापड, आणि पुढं दक्षिण ध्रुवावरच्या मोहिमा, १९२४ ची एव्हरेस्ट मोहीम वगैरे याच्यावरच निघाल्या. दुसऱ्या महायुद्धात मँचेस्टरकडे लांब धाग्याच्या कापसाचं इतकं दाट कापड विणलं की ओलं झालं की धागे फुगतात आणि भोकं आपोआप बंद होतात, समुद्रात पडणाऱ्या वैमानिकांसाठी ते होतं. या दोन्ही कापडांत लक्षात ठेवायची गोष्ट एकच, की वर प्लास्टिकचा थर नव्हता, मुख्य काम विणीचंच. वारा अडायचा पण थोडी हवा खेळायची.

वाऱ्याने थंडी नेमकी किती वाढते याचा हिशोबही त्याच काळातला. दोन अमेरिकन संशोधकांनी अंटार्क्टिकात प्लास्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते उघड्या वाऱ्यात टांगलं आणि गोठायला किती वेळ लागतो ते मोजलं, १९४५ मध्ये ते छापून आलं. २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडाने नवीन सूत्र काढलं, हवामानवाले आज तेच वापरतात. त्या सूत्रात ८ अंश तापमान आणि ताशी २५ किमी वारा घातला तर चेहऱ्याला साधारण ४ अंशासारखं लागतं. धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकड्यावर येणं काही नवीन नाही आणि २५ चा वारा तर सायकलवाला स्वतःच तयार करतो, झाडाचं पान हलत नसलं तरी. (सूत्रातला वारा १० मीटर उंचीवर मोजलेला असतो, जमिनीजवळ तो कमी होतो हे त्यात धरलेलंय, म्हणजे सायकलवाल्याच्या तोंडावर थेट येणारा २५ खरं तर अजून जास्त बोचतो.)

मग नायलॉन. १९३५ मध्ये प्रयोगशाळेत तयार झालं, १९३८ मध्ये जाहीर झालं आणि युद्धात रेशमाच्या जागी पॅराशूटला लागलं. आपल्याकडे कोणत्याही पातळ सुळसुळीत कापडाला दुकानदार अजून 'पॅराशूट कापड' म्हणतात ते काही उगाच नाही. मध्ये मध्ये जाड धागा टाकून चौकटी पाडलेलं रिपस्टॉप कापडही त्याच कामातून आलं, एखादा चौकोन फाटला तर चीर तिथंच थांबते. १९६५ मध्ये पॅरिसला घडी करून कमरेला बांधता येईल असं नायलॉनचं जाकीट निघालं आणि ते प्रचंड खपलं. १९६८ च्या सुमारास कॅलिफोर्नियात कापूस ६० आणि नायलॉन ४० टक्के असं मिश्र कापड गिर्यारोहकांमध्ये चाललं. १९६९ मध्ये टेफ्लॉनच्या जातीचं प्लास्टिक झटक्यात ताणून त्याचा सूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा करता येतो हे सापडलं, १९७६ पासून गोअर-टेक्स नावाने त्याची जाकिटं आली. आणि १९७९ मध्ये इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या एका गिरणीतून पर्टेक्स आलं, कोणताही पापुद्रा नाही, फक्त अतिशय बारीक नायलॉन दाट विणलेलं. माझ्या मते पुढची सगळी भांडणं या शेवटच्या दोन कापडांमधली आहेत, पण त्याआधी आपल्याकडचं सांगतो कारण ते कुठं लिहिलेलं सापडत नाही.

खान्देशात विंडचीटर खेळातनं आलंच नाही, ते आलं गाडीवरनं. त्याआधी मफलर, कानटोपी, स्वेटर, म्हाताऱ्यांकडे घोंगडी. पहाटे खेड्यातनं शहरात येणारे दूधवाले स्वेटरच्या आत छातीवर पेपरची घडी खोचायचे, काही अजून खोचतात. युरोपातल्या सायकल शर्यतींमध्ये घाट उतरताना खेळाडू हेच करायचे, जर्सीच्या आत वर्तमानपत्र. स्वेटर ऊब धरतो पण वारा आरपार जाऊ देतो, म्हणून समोरनं काहीतरी आडवं पाहिजे, एवढं शास्त्र दूधवाल्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.

ऐंशी-नव्वदच्या दशकात लुना, स्कूटर, मग हंड्रेड सीसीच्या बाइक घरोघरी आल्या आणि त्यांच्यासोबत विंडचीटर. हिवाळ्यात लागणारे तिबेटी लोकांचे स्वेटरबाजार, बसस्टँडजवळची रेडिमेडची दुकानं, आठवडे बाजार, सगळीकडे तोच माल, टफेटाचं चकचकीत कापड, आतनं पांढुरका कोटिंगचा थर, त्याच्या आत जाळीचं अस्तर, मनगटाला इलास्टिक, गळ्यात गुंडाळून ठेवायची टोपी. सुरत आपल्याला जवळ, सिंथेटिक कापड स्वस्त. आणि गाडीवाल्यासाठी हा माल एकदम बरोबर होता, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. गाडीवर माणूस बसलेला असतो, घाम येत नाही, समोरनं ५०-६० चा वारा येतो, त्याला जितकं बंद तितकं चांगलं. वर भुरभुर पाऊस आला तरी भागायचं, वेगळा रेनकोट काढायला नको. एका कपड्यात दोन कामं म्हणून तोच खपला आणि 'चांगलं विंडचीटर म्हणजे ज्यातनं पाणी जात नाही ते' हे डोक्यात पक्कं बसलं.

पुढं मॅरेथॉन आल्या, सायकलिंग आलं, २०० किमी साडेतेरा तासात पुरे करायच्या ब्रेव्हे नावाच्या सायकल राइड आल्या, सालेर-तोरणमाळला हिवाळी ट्रेक सुरू झाले, पण कपडा मात्र तोच राहिला. फक्त बसणाऱ्या माणसाचा कपडा पळणाऱ्या माणसाने घातला. जोरात व्यायाम करणाऱ्याला तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज येतो, थंडीतसुद्धा. चाळीसगावहून कन्नड घाट चढून बघा असलं कोटिंगवालं घालून. अर्ध्या घाटात जाकिटाची चेन खाली येते, वर पोचेपर्यंत बाहीच्या आतल्या बाजूला थेंब जमलेले असतात, हात खाली सोडला की मनगटाच्या इलास्टिकमधनं पाणी ठिबकतं, टी-शर्ट पाठीला चिकटलेला. आणि मग उतार लागतो. पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट जास्त उष्णता ओढतं, तेव्हा बाहेरनं एक थेंब न येऊ देणाऱ्या जाकिटात माणूस आतनं भिजून कुडकुडतो.

आता त्या भांडणाकडे येतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला परदेशी कंपन्यांनी एक निर्णय घेतला, वाऱ्याच्या कपड्यातही पापुद्रा घालायचा. फ्लीसच्या, म्हणजे मऊ केसाळ उबदार कापडाच्या, दोन थरांमध्ये पापुद्रा चिकटवायचा, वर लेबल, शंभर टक्के विंडप्रूफ. लेबलाच्या हिशोबाने हे बरोबरच होतं, मोजायला सोपं, दाखवायला सोपं, दुकानात पंखा लावून गिऱ्हाइकाला पटवायला तर अजूनच सोपं. पण डोंगरात चालणाऱ्या-पळणाऱ्या एका गटाने तेव्हापासून धोशा लावला की शंभर टक्के नकोच आहे, ऐंशी-नव्वद टक्के वारा अडवा आणि उरलेला आत येऊ द्या, घाम त्यातनंच जाईल. पापुद्र्यातनं वाफ जाते हे खरं आहे, पण ती आतल्या-बाहेरच्या दमटपणाच्या फरकावर हळूहळू झिरपत जाते, आणि जोरात चाललेल्या माणसाचा घाम त्या वेगाला जुमानत नाही. नुसत्या विणीच्या कापडातनं मात्र हवाच हलते आणि वाफेला सोबत घेऊन जाते. दुसऱ्या बाजूचंही खोटं नाही, उघड्या कड्यावर दोर धरून तासभर उभं राहायचं असेल तर पापुद्रा पाहिजेच, तिथं ती ऐंशी-नव्वदची भाषा चालत नाही.

रावेर-यावलकडच्या लोकांना हे सांगायची गरज नाही खरं तर. केळीच्या बागेभोवती शेवरीची नाहीतर गजराज गवताची दाट रांग लावतात, पक्की भिंत कोणी बांधत नाही. भिंतीवरनं वारा उसळून पलीकडे भोवरा होऊन आपटतो, शेवरीतनं तो गाळून येतो, जोर मोडलेला, आणि बाग कोंदटही होत नाही.

हे मोजायचं एकक आहे सीएफएम, म्हणजे ठरावीक दाबाखाली एक चौरस फूट कापडातनं मिनिटाला किती घनफूट हवा जाते. चाचणीचा नेहमीचा दाब १२५ पास्कल, म्हणजे साधारण ताशी ५० किमीचा वारा सरळ अंगावर आल्यासारखा. १ किंवा त्याखाली आकडा आला की त्याला विंडप्रूफ म्हणायची या धंद्यात पद्धत आहे. खेळाच्या हलक्या विंडशर्टचा, म्हणजे पापुद्रा नसलेल्या पातळ विंडचीटरचा, आकडा त्याच्या वर पाहिजे, किती वर यावर परत वाद, आणि साध्या फ्लीसचा तर त्याच्या कित्येक पट. गंमत म्हणजे हा आकडा लेबलवर जवळजवळ कधीच नसतो. डेनिअर असतो, म्हणजे ९००० मीटर धाग्याचं वजन किती ग्रॅम, २० डेनिअर, १० डेनिअर, ७ डेनिअर, लोक त्यावरनंच अंदाज बांधत बसतात. पण डेनिअर वजनाचं सांगतो, हवेचं नाही. तेच २० डेनिअरचं कापड गरम रुळांखालनं काढलं की धागे चपटे होऊन फटी बुजतात, याला कॅलेंडरिंग म्हणतात, ते एका बाजूनं केलं का दोन्ही बाजूंनी, किती दाब दिला, त्यावर हवा ठरते. वर धुऊन-वापरून हा चपटेपणा कमी होत जातो, म्हणून जुनं विंडशर्ट नव्यापेक्षा जास्त हवा सोडतं. कंपन्या मॉडेलचं नाव तेच ठेवून आतलं कापड बदलतात ते वेगळंच, म्हणून एकाच जाकिटाला एकजण डोक्यावर घेतो आणि दुसरा प्लास्टिकची पिशवी म्हणतो, दोघंही खरं बोलत असतात.

आकडा नाही म्हणून जुने लोक फुंकर मारून बघतात. कापडाचा एकच पदर ओठांना घट्ट लावायचा, मागं तळहात धरायचा आणि जोरात फुंकायचं. कोटिंग किंवा पापुद्रा असेल तर गाल फुगतात, तळहाताला काहीच नाही. विंडशर्टचं कापड असेल तर जोर लागतो पण हाताला हलकी झुळूक लागते. आणि सहज फुंकर गेली, तर ते नुसतं टी-शर्ट आहे. दुकानदार विचारतो, भाऊ घालायचं आहे का वाजवायचं, विचारू दे.

आपल्याकडे या वादाला अजून एक फाटा आहे. खान्देशात दोन वेगवेगळे वारे आहेत. एक हिवाळ्यातल्या पहाटेचा, फार जोराचा नाही पण गार. दुसरा मे ते ऑगस्टचा पश्चिमेचा, साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांचं जंगल उभं आहे ते याच्याच भरवशावर. पावसाळ्यात साक्रीहून कोंडाईबारीकडे सायकल मारली की हा वारा छातीवर बसतो, सोबत भुरभुर, पण तापमान २५-२६ च्या घरात. त्यात पापुद्र्यावालं घालणं म्हणजे वाफेची अंघोळ. हिवाळ्यातही नऊ वाजले की ऊन चटकायला लागतं आणि जाकीट काढून खिशात कोंबावं लागतं. हिमालयातल्या थंडीसाठी लिहिलेले सल्ले इथं जसेच्या तसे लागू होत नाहीत, आणि इथं तर त्या हवा सोडणाऱ्या गटाचं म्हणणं जास्तच पटतं, निदान मला.

२०१२ मध्ये सिंगल ब्रँड दुकानांना शंभर टक्के परकीय गुंतवणुकीची परवानगी मिळाली, त्यानंतर परदेशी खेळसाहित्याची मोठी दुकानं नाशिक-पुण्यापर्यंत आली, मग ऑनलाइन, आणि १०० ग्रॅमच्या आसपासचं, मुठीत मावणारं पळण्याचं जाकीट आपल्याही हाताला लागलं. पण त्याचवेळी स्थानिक मालावर 'विंडप्रूफ, वॉटरप्रूफ, ब्रीदेबल' हे तिन्ही शब्द एका ओळीत छापून यायला लागले, सातशे रुपयांच्या जाकिटावरही. इव्हेंटला मिळणारी पॉलिस्टरची जाकिटं तर विचारू नका, छपाई झकास, कापड कोणतं ते देव जाणे.

सगळ्यात नवीन बदल कोटिंगचाही नाही, वरच्या फवाऱ्याचा आहे. हलक्या विंडशर्टवर पाण्याचा थेंब घरंगळावा म्हणून जे रसायन मारतात ते वर्षानुवर्षं फ्लोरिनवालं होतं, ते निसर्गात मोडत नाही, पाण्यात-रक्तात सापडतं, म्हणून आधी लांब साखळीचं (रेणूतली कार्बनची साखळी) गेलं, मग आखूड साखळीचं आलं, आणि आता तेही चाललंय. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कपड्यांत त्यावर बंदी आली, फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२६ पासून. बदली रसायनं पाणी झटकतात पण तेलकट मळापुढे लवकर हार मानतात, आणि आपल्याकडे धूळ, घाम आणि सनस्क्रीन असा तिन्हीचा लेप दोन राइडमध्ये बसतो. 'धुऊ नका, कोटिंग जाईल' हा जुना सल्ला त्यामुळे उलटा पडलाय, नवीन माल वेळच्या वेळी साध्या साबणाने धुतला, फॅब्रिक सॉफ्टनर न घालता, तरच थेंब घरंगळतो.