शिडाच्या लहान होडीचा लाकडी डेक : दुरुस्ती आणि पुनर्लेपन

होडीच्या पोटावर वरून बसवलेला लाकडी तक्ता म्हणजे डेक. दहा-पंधरा फुटी शिडाच्या होडीत तो सलग नसतो. नाळेकडचा पुढचा भाग आणि दोन्ही कडांच्या अरुंद पट्ट्या, एवढाच. वरचे पाणी बाहेर सारणे, होडीचा सांगाडा पिळवटू न देणे आणि वाऱ्याच्या बाजूला बाहेर लवून बसणाऱ्याला बूड टेकायला जागा देणे, ही त्याची तीन कामे. कुजलेला भाग काढून नवा बसवणे, सांधे आणि स्क्रूची भोके बंद करणे आणि शेवटी व्हार्निश किंवा रंग चढवणे, हे सगळे मिळून डेकची दुरुस्ती होते. लोकांच्या नजरेत फक्त शेवटचे काम भरते, आणि फसगतही तिथेच होते.

समुद्रापासून दूर, सुमारे ५६० मीटर उंचीवर असले तरी पुण्याला होड्या नव्या नाहीत. रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ सालचा आहे, आणि मुळा-मुठेच्या संगमाजवळ अभियांत्रिकी महाविद्यालयाची रेगाटा, म्हणजे होड्यांच्या शर्यतींचा सोहळा, दरवर्षी गर्दी खेचते. हा मुख्यतः वल्ह्यांचा खेळ. शीड उभारायचे तर खडकवासल्याला जावे लागते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र तिथल्या पीकॉक बे भागात नौकानयन शिकतात. जॅक होल्ट यांनी १९५६ साली आखलेली, चार मीटरच्या आसपास लांबीची ‘एंटरप्राइज’ ही प्लायवूडची दोन माणसांची होडी भारतात चांगली रुजली. पुढे फायबरच्या होड्या आल्या. त्यामुळे आज लाकडी डेकची होडी हाताशी आली, तर ती बहुधा जुनीच असते.

कोकणातून आलेल्या माणसाला धरणावरच्या होडीचे दुखणे उलटे वाटते. खाडीत लाकूड पोखरणारे किडे असतात, पण खाऱ्या पाण्यातल्या मिठाने कुजवणारी बुरशी दबून राहते. खडकवासल्याच्या गोड्या पाण्यात ते किडे नाहीत आणि मीठही नाही. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांवर जाऊन तिथेच टिकला की बुरशी धरते. तो टिकतो कधी, तर होडी पाण्यात असताना कमी आणि काठावर ताडपत्रीखाली पडून असताना जास्त. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक जून ते सप्टेंबरात. धरणाकडे डोंगर जवळ म्हणून जास्तच. चार महिने हवा दमट, त्यानंतर एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे आणि हवा कोरडी ठाक. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. व्हार्निशचा थर जुना होऊन ठिसूळ झाला की त्याला हे ताणणे-आकसणे झेपत नाही. सांध्यावर केसाएवढी चीर पडते आणि पुढच्या मृगाचे पाणी त्या चिरेतून आत जाते. आत गेलेले पाणी मात्र त्या वाटेने सहज बाहेर येत नाही, कारण बाकीचा थर शाबूत असतो. डेक कुजतो तो या अडकलेल्या पाण्याने.

तपासणीला महागडे यंत्र लागत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डेकवर बोटा-बोटाच्या अंतराने ठोकत जावे. धड प्लायचा आवाज खणखणीत येतो, थर सुटलेल्या जागी बद्द. बद्द जागेवर खडूने खूण करावी आणि तिथे दाभण टोचावे. ते भिजल्या पावात शिरावे तसे शिरले तर पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही. पहिला संशय धातूच्या बसवणुकींवर घ्यावा: दोर अडकवायचे खुंटे, डोलकाठीला तोलणाऱ्या तारांच्या पट्ट्या, पाय अडकवायच्या पट्ट्यांची टोके. असा एखादा खुंटा उघडला की स्क्रू बोटांनीच निघून येतो, भोकातून कॉफीच्या गाळासारखा काळा भुसा सांडतो आणि भिजलेल्या पोत्याचा वास सुटतो. वरून पाहिले तर तिथे दोन बोटे रुंद पिवळट डाग तेवढा दिसत होता. आतली कूज बहुधा त्याच्या कितीतरी पट निघते.

कुजलेल्या लाकडात पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणारे चिकट रसायन) जिरवून ते कडक करण्याची युक्ती लोकप्रिय आहे. खिडकीच्या चौकटीवर ती चालेल, ज्यावर माणूस सगळा भार टाकून बाहेर लवतो त्या डेकवर चालवू नये. मऊ भाग आणि त्याच्या चहूबाजूंचे दोन-चार बोटे धड लाकूड कापून काढावे. खालच्या वाकांवर, म्हणजे आडव्या-उभ्या फासळ्यांवर, बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे पाणी लावून ते पूर्ण वाळू द्यावे. नवा तुकडा जुन्याला नुसता टोकाला टोक भिडवून चालत नाही. दोन्ही कडा रंध्याने तिरप्या उतरवून एकावर एक चढवतात. उताराचे प्रमाण एकास आठ, म्हणजे ६ मिलिमीटर प्लायला ४८ मिलिमीटरचा उतार. रंधा मारताना प्लायच्या थरांच्या रेघा उतारावर समांतर पट्ट्यांसारख्या दिसतात. त्या सरळ असतील तर उतार बरोबर, नागमोडी झाल्या तर हात हलला. ज्यांना हे अवघड वाटते ते सांध्याखाली प्लायची पट्टी चिकटवून भागवतात. मजबुतीला तेही पुरते, वजन थोडे वाढते.

माल शहरातच मिळतो, फक्त मागायचा कसा ते माहीत हवे. टिंबर मार्केटमध्ये ‘वॉटरप्रूफ प्लाय’ म्हटले की काहीही हातात पडू शकते. आयएस ७१० हा मरीन प्लायचा भारतीय मानक शिक्का पाहून घ्यावा; त्याचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्याच्या चाचणीत थर न सुटता टिकावा लागतो. दुकानात ६ मिलिमीटरपासून पुढच्या जाड्या सहज असतात, लहान डेकला कधी लागणारा ४ मिलिमीटर शोधावा लागतो. कडेच्या पट्ट्यांना सागवान उत्तम, पण ते तेलकट असल्याने चिकटवण्याआधी थिनरच्या फडक्याने पुसावे. स्क्रू स्टेनलेस घ्यावेत. लोखंडी स्क्रूने सागावर काळे डाग पडतात, आणि ते ऑक्झॅलिक ॲसिडने उतरवत बसावे लागते. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत हे सगळे एका फेरीत गोळा होते, गाडी लावायला जागा मिळाली तर.

इपॉक्सीचे दोन भाग, रेझिन आणि ते घट्ट करणारा हार्डनर, डब्यावर सांगितलेल्या प्रमाणातच मिसळावेत. हार्डनर जास्त घातला तर लवकर सुकेल, ही समजूत फायबरच्या कामातल्या पॉलिएस्टर रेझिनवरून आलेली आणि इथे घातक आहे. जादा हार्डनर तसाच उरतो आणि थर चिकट राहतो. सांध्यासाठी त्यात बारीक चाळलेला लाकडाचा भुसा मिसळून श्रीखंडासारखे दाट करतात. स्क्रूचे जुने भोक गरजेपेक्षा मोठे करून या मिश्रणाने भरावे आणि ते कडक झाल्यावर त्यातच नवे बारीक भोक पाडावे. मग स्क्रूभोवती लाकूड उघडे राहतच नाही, पाण्याला वाट मिळत नाही. संपूर्ण दुरुस्तीत हे काम सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत टिकाऊ.

वेळेचे गणित इथे रंगाइतकेच महत्त्वाचे. इपॉक्सीचा पातळ हात ऊन उतरताना द्यावा. सकाळी दिला तर तापणाऱ्या लाकडातली हवा फुगून बाहेर येते आणि थरभर बुडबुडे उठतात. संध्याकाळी लाकूड थंड होत असते, ते हवेऐवजी इपॉक्सी आत ओढून घेते. व्हार्निशचे उलटे: ते दहाच्या सुमारास लावावे, म्हणजे दव पडण्याआधी हाताला सुके लागते. दव पडलेल्या व्हार्निशची चकाकी पांढुरकी मरते. पावसाळा तर बादच. मे महिन्यात मिसळलेले इपॉक्सी भांड्यातच तापून गोळा होते, डिसेंबर-जानेवारीच्या रात्री ते सुकायला दोन-दोन दिवस घेते. खंडेनवमीला हत्यारे पुसून पुजली की लगेच काम काढावे; ऑक्टोबरच्या उन्हाने होडी वाळते आणि दिवाळीनंतरची हवा दोन्ही लेपांना मानवते. ते हुकले तर फेब्रुवारी ते होळी. लाकूड वाळले का हे पाहायला रात्री पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावून ठेवावा. सकाळी आतून घाम आलेला दिसला तर थांबावे.

जुने व्हार्निश खरवडायला सुतार काचेचा तुकडा वापरतात, आणि सपाट पृष्ठभागावर त्याला तोड नाही. सँडर मशीन जपून वापरावे: प्लायचा वरचा थर मिलिमीटरपेक्षाही पातळ असू शकतो, एका जागी क्षणभर रेंगाळले की खालचा आडवा थर डोकावतो आणि तो डाग कायमचा. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता धरून तोंडाला मास्क लावावा आणि ओल्या वॉटर पेपरने घासावे.

फर्निचरच्या पॉलिशवाल्याला डेक सोपवला, तर तो सवयीने स्पिरिट पॉलिश करतो. ते लाखेचे असते. दिवाणखान्यात देखणे, पाण्याखाली पांढरे. फर्निचरचे मेलॅमाइन पॉलिशही उन्हात टिकत नाही. इपॉक्सीवर ऊन अडवणारा हात हवाच, नाहीतर ते पिवळे पडून खडूसारखे सुटते. अतिनील किरण अडवणारे बाहेरचे व्हार्निश घ्यावे, पहिला हात निम्मे थिनर घालून, मग दाट करत सहा ते आठ हात, दर दोन हातांमध्ये २२० ते ३२० नंबरचा पेपर. ज्याला दरवर्षी एवढे करणे जमणार नाही त्याने सरळ फिकट रंग द्यावा. जातिवंत लाकूड झाकले जाते म्हणून हळहळणारे बरेच भेटतात, पण रंगाखालचे लाकूड जास्त जगते. पाय ठेवायच्या जागी ओल्या रंगावर चाळलेली बारीक वाळू भुरभुरवून वर आणखी एक हात दिला की घसरण थांबते. बसायच्या जागी वाळू टाकू नये. चड्डी एका रविवारात विरते.

शेवटच्या हातानंतर निदान आठवडाभर ताडपत्री डेकला टेकू देऊ नये, तिची वीण मऊ व्हार्निशवर उमटते. पुढेही मधोमध बांबू बांधून ताडपत्री छपरासारखी उतरती ठेवावी, दोन्ही टोके वाऱ्याला उघडी, होडीतले पाणी निघून जायचे बूच काढलेले.