रिमोट थोपटणाऱ्यांची बाजू

पाहुणे समोर बसलेले असताना टीव्हीचा रिमोट रुसला, की घरातल्या कर्त्या माणसाचे ठरलेले विधी सुरू होतात. आधी बटण जोर लावून दाबायचं. मग तळहातावर दोन-चार चापट्या. मग मागचा रबरबँड काढून (झाकण केव्हाच हरवलेलं असतं) सेल अंगठ्याने गरागरा फिरवायचे, वरचा खाली आणि खालचा वर घालायचा. एवढ्यात घरातलं तरुण कुणीतरी पुटपुटतं, "अहो बाबा, वीस-तीस रुपयांचे सेल येतात." पाहुणे छताकडे बघतात.

संपत आलेल्या साबणाची चकती नव्या वडीला चिकटवणं, टूथपेस्टची नळी कात्रीने उभी चिरणं, श्रीखंडाच्या डब्यात डाळ भरणं या सगळ्या काटकसरी याच जातीच्या, चारचौघांत लाजवणाऱ्या. त्यांच्यात विज्ञान मात्र फारसं नाही, साधा हिशेब आहे. सेलचं तसं नाही. सेल फिरवणं, काढून ठेवणं, उन्हात टाकणं यामागे अस्सल विद्युतरसायनशास्त्र आहे आणि ते आपल्याकडे भलत्याच रूपात फिरतं. "संपलेले सेल दोन तास उन्हात ठेवा, सूर्याची ऊर्जा शोषून ते पुन्हा चार्ज होतात" असा निरोप मोबाइलवर अधूनमधून येतोच. यातली कृती बऱ्यापैकी बरोबर आहे. कारण साफ चूक आहे.

आधी पैशाचं बोलू. रिमोटमधल्या साध्या पेन्सिल सेलमधून ढोबळमानाने एक वॅट-तास ऊर्जा मिळते. विजेच्या बिलातलं एक युनिट म्हणजे हजार वॅट-तास. म्हणजे एका युनिटभर विजेसाठी हजारेक सेल लागतील, आणि दहा रुपयाला एक असा स्वस्तातला सेल धरला तरी ते युनिट दहा हजार रुपयांना पडलं. भिंतीतल्या सॉकेटमधून तेच युनिट, स्लॅब कितीही वरचा असला तरी, वीसेक रुपयांच्या आत येतं. घरात कुठल्या विजेची काटकसर करावी, असं कुणी विचारलं तर ती सेलमधल्या विजेची. पंखा बंद केला नाही म्हणून मुलांवर ओरडणारे आणि अर्धे भरलेले सेल कचऱ्यात टाकणारे लोक मी पाहिले आहेत.

अर्धे भरलेले असं मी मुद्दाम म्हणतो, कारण रिमोटने नाकारलेल्या सेलच्या पोटात अनेकदा बराच माल शिल्लक असतो.

शाळेच्या पुस्तकातला 'कोरडा विद्युत घट' आठवा. बाहेर जस्ताचं भांडं, मध्ये कार्बनची कांडी, कांडीभोवती काळा लगदा. हा घट फ्रेंच अभियंते जॉर्ज लेक्लांशे यांनी १८६६ साली काढला तेव्हा मुळीच कोरडा नव्हता. काचेच्या बरणीत नवसागराचं पाणी होतं. वीस वर्षांनी जर्मनीत कार्ल गास्नर यांनी त्या पाण्यात प्लास्टर ऑफ पॅरिस कालवून ते सांडेनासं केलं. नवसागर म्हणजे तोच, कल्हईवाला तापल्या भांड्यावर टाकतो आणि ज्याच्या पांढऱ्या धुराने सगळी आळी खोकते. आजच्या 'हेवी ड्यूटी' सेलमध्ये त्याची जागा बहुतांशी झिंक क्लोराइडने घेतली आहे. काळा लगदा म्हणजे मँगनीज डायऑक्साइड आणि कार्बनची भुकटी. सेलसाठी लागणाऱ्या मँगनीज डायऑक्साइडचं खनिज आपल्याच भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीत निघतं. नागपूरची मॉईल कंपनी ते काढते.

जुनी पुस्तकं या मँगनीज डायऑक्साइडला मदतनीसाचा दर्जा देत. कांडीवर हायड्रोजनचे बुडबुडे जमतात आणि हा बिचारा ते साफ करतो, एवढंच त्याचं काम. खरं तर सेलच्या धन बाजूचा नायक तोच आहे. जस्त इलेक्ट्रॉन सोडतं, ते तुमच्या रिमोटमधून काम करून फिरून येतात आणि मँगनीज डायऑक्साइडच्या कणांमध्ये शिरतात. पण एकटा इलेक्ट्रॉन आत राहू शकत नाही, विद्युतभार जुळवायला त्याच्याबरोबर द्रावणातला एक प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचा आयनही आत यावा लागतो. जोडी आली की मँगनीजचं एक रूप बदलून दुसरं होतं. कणाचा मूळ सांगाडा मात्र बराच वेळ तसाच उभा राहतो.

आता खरी गंमत. जोडी कणात शिरते ती पृष्ठभागावरून. तिथून आत सरकायचं तर प्रोटॉनला एका ऑक्सिजन अणूवरून शेजारच्यावर उडी मारत जावं लागतं, आणि घन पदार्थात हे काम फार सावकाश होतं. गर्दीच्या वेळची एसटी डोळ्यांपुढे आणा: मागच्या बाकांपर्यंत गाडी मोकळी, पण दारात माणसांचा गठ्ठा. खाली उभा असलेला म्हणतो, गाडी भरली. सेलचंही अगदी हेच होतं. रिमोट दाबत राहिलात की कणांचा पृष्ठभाग प्रोटॉननी भरून जातो, गाभा रिकामाच असतो. आणि सेलचं व्होल्टेज ठरतं ते पृष्ठभागावरच्या स्थितीवरून, गाभ्यातल्या नाही. म्हणून सेल 'संपल्यासारखा' वागतो.

तो काढून रात्रभर बाजूला ठेवा. दारातले प्रोटॉन हळूहळू आत सरकतात, पृष्ठभाग मोकळा होतो, व्होल्टेज वर चढतं. बाहेरून काहीही आलेलं नसतं. सकाळी रिमोट चालतो.

याच्याच जोडीला दुसरी एक क्रिया चालू असते. धन बाजूला प्रोटॉन खर्च होतात, म्हणजे तिथलं द्रावण आम्लधर्माकडून अल्कधर्माकडे सरकतं. या अभिक्रियेत दर इलेक्ट्रॉनमागे एक प्रोटॉन लागतो, त्यामुळे नेर्न्स्ट समीकरणानुसार पीएच (आम्लतेचं माप, जितकं आम्ल कमी तितका तो जास्त) एकाने वाढला की २५ अंश सेल्सिअसला त्या टोकाचं विभव, म्हणजे व्होल्टेज, ०.०५९ व्होल्टने उतरतं. दीड व्होल्टच्या सेलमध्ये पीएच तीन-चारने हलला तर काय होईल, ते वाचकांनीच गुणून पाहावं. विश्रांतीत आयन इकडून तिकडे पसरतात, पीएचमधला फरक बुजतो आणि ते व्होल्टही परत मिळतात. परत मिळत नाही ते वेगळं: नवसागराच्या सेलमध्ये अमोनिया मोकळा होतो, तो जस्ताच्या आयनांशी जुळून संयुगाचे खडे बनवतो आणि ते वाटेत बसून सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे प्रवाहाला आतच होणारा अडथळा, वाढवतात. म्हणून दर विश्रांतीनंतरची उभारी आधीपेक्षा कमी असते. (नेर्न्स्टपाशी ज्यांची गाडी अडली त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. मला मात्र तो सोडवेना.)

मग ऊन काय करतं? ऊन सेलला तापवतं, बस. प्रोटॉनची उडी असो की आयनांचं पसरणं, तापमान वाढलं की दोन्ही वेगाने होतात. म्हणून रात्रभराचं काम उन्हात लवकर उरकतं. प्रकाशाचा इथे काडीचा संबंध नाही. जस्ताच्या बंद डब्यात, वर पत्रा आणि लेबल, सूर्यकिरण शिरणार कुठून? पूर्वी खेड्यापाड्यांत ट्रान्झिस्टरचे सेल चुलीच्या कडेला ठेवत, त्यानेही तेच साधायचं. फक्त उष्णतेने सेलमधलं पाणी उडतं आणि जस्त आतल्या आत गंजायचा वेगही वाढतो, त्यामुळे रोज ऊन दाखवणं म्हणजे उरलेलं आयुष्य जाळणं. नवे सेल थंड जागी ठेवायचे ते याच कारणाने.

'सूर्याची ऊर्जा सेलमध्ये शिरते' ही समजूत निदान निरुपद्रवी आहे. सॉकेटला लावायची 'वीजबचत पेटी' तशी नाही. बिल तीस-चाळीस टक्क्यांनी उतरवण्याचं वचन देऊन ती आठवडी बाजारापासून ऑनलाइन दुकानांपर्यंत विकली जाते. आत एक कपॅसिटर आणि एक लुकलुकणारा दिवा, बहुधा एवढंच. कपॅसिटरने पॉवर फॅक्टर (तारेतून येणाऱ्या विजेपैकी किती खरोखर कामी येते, ते प्रमाण) सुधारतो हे खरं, पण घरगुती बिल युनिटवर, म्हणजे प्रत्यक्ष वापरलेल्या ऊर्जेवर येतं, त्यात पॉवर फॅक्टरचा हिशेबच नसतो. सेल उन्हात ठेवणाऱ्या आजोबांना हसणारी माणसं ही पेटी हजार रुपये मोजून घेतात, तेव्हा अडाणी नेमकं कोण, असा प्रश्न पडतो.

सेल चावण्याचा प्रकारही ऐकून माहीत असेल, बॅटरीचा उजेड पिवळा पडला की दाढेखाली धरून दाबायचा. जस्ताचं भांडं हेच इंधन असल्यामुळे ते वापरात झिजतं, लगदा सुकून आकसतो, कांडीशी त्याची पकड ढिली होते. दाबल्यावर पकड पुन्हा जमते, अंतर्गत रोध उतरतो, दिवा क्षणभर उजळतो. पण झिजून कागदासारखं झालेलं जस्त तेवढ्याने फाटू शकतं. अल्कलाइन सेल तर कधीच चावू नये. त्याची रचना उलटी असते, बाहेर पोलाद आणि जस्ताची भुकटी मध्यभागी. त्यामुळे चावून फायदा शून्य, आणि आत असतं पोटॅशियम हायड्रॉक्साइड, जे तोंड भाजून काढतं.

सेल जागच्या जागी फिरवण्याचा फायदा याहून साधा आहे. टोकांवर आणि स्प्रिंगवर ऑक्साइडचा पातळ थर चढतो, घासून तो निघतो. सेल जिवंत आहेत की नाही हे बघायचं असेल तर रिमोटचं तोंड मोबाइलच्या कॅमेऱ्याकडे, शक्यतो सेल्फीच्या, करून बटण दाबा. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त दिवा पडद्यावर जांभळट पांढरा लुकलुकताना दिसतो. सेल फिरवण्याआधी आणि नंतर पाहिलंत तर फरकही कळतो.

या सगळ्यापेक्षा मला पटणारी काटकसर म्हणजे सेलची पदावनती. समजा वापरलेल्या सेलचं व्होल्टेज १.२५ आहे आणि अंतर्गत रोध वाढून ३ ओहम झाला आहे. रिमोटचा दिवा क्षणभरासाठी ०.१ अँपियरच्या घरात प्रवाह ओढतो. ओहमच्या नियमाने ०.३ व्होल्ट सेलच्या आतच खर्च, बाहेर उरले ०.९५. रिमोट रुसला. हाच सेल भिंतीवरच्या घड्याळात घातला तर ते दर सेकंदाला काही मिलिअँपियरचा छोटासा झटका घेतं, आतला खर्च ०.०१ व्होल्टच्या आसपास. घड्याळाला सेल जवळजवळ नवाच वाटतो. म्हणून खेळण्यातली मोटार, मग रिमोट, मग घड्याळ अशी उतरंड लावायची. तिथेही तो थकला की घड्याळच सांगतं: सेकंदकाटा नवाच्या आकड्याजवळ जागच्या जागी थरथरतो. तिथे काटा आडवा असतो आणि त्याला वर उचलायला सगळ्यात जास्त जोर लागतो.

जमिनीवर टाकून, उसळला तर सेल संपला असं समजणारे अल्कलाइन सेल वेळेआधी फेकतात. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली हे तपासलं. आतल्या जस्ताच्या लगद्याचं झिंक ऑक्साइड होऊन जाळं घट्ट होत जातं, त्याने उसळी वाढते. पण अर्ध्याच्या आसपास वापर झाला की उसळी तिच्या वरच्या टोकाला पोचते, पुढे वाढत नाही. उसळणाऱ्या सेलमध्ये निम्मी ऊर्जा शिल्लक असू शकते.

एक काटकसर मात्र महागात पडते: दोनपैकी एकच सेल नवा घालणं. दोघांमधून एकच प्रवाह वाहतो. जुना रिकामा झाल्यावरही नवा त्याच्यातून प्रवाह ढकलत राहतो, जुन्याची टोकं उलटी होऊ लागतात, आत हायड्रोजन वायू साठतो आणि सेल गळतो. मग दहा रुपयांच्या सेलपायी रिमोटच्या स्प्रिंगा जातात. अल्कलाइन सेल गळून पांढरी पुटं चढली असतील तर ते पोटॅशियम कार्बोनेट असतं. दोन्ही सेल काढून, कापसाच्या बोळ्यावर लिंबाचे दोन थेंब घेऊन पुसा, फसफस थांबली की ओल्या फडक्याने आणि मग कोरड्याने पुसून घ्या, आणि पूर्ण वाळल्याशिवाय नवे सेल घालू नका.