उघडलं की बिघडलं

ओव्हरहॉल करून बसवलेला पंप पहिल्याच पाळीत सीलमधून गळायला लागला, की फिटर म्हणतो, "चांगला चालला होता, कशाला उघडला?" कारखान्यातल्या या जुन्या कुरकुरीला आकड्यांचा आधार मिळाला तो दुसऱ्या महायुद्धात.

ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडची (समुद्रावर गस्त घालणाऱ्या विभागाची) लिबरेटर विमानं पाणबुड्यांच्या मागावर असत. दर ५० तासांच्या उड्डाणानंतर त्यांची तपासणी ठरलेली. सी. एच. वॉडिंग्टन (हे मूळचे जीवशास्त्रज्ञ!) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिघाड तपासणीनंतरच्या तासांप्रमाणे मांडून पाहिले. तपासणीनंतर बिघाड कमी असावेत आणि पुढची तपासणी जवळ येईल तसे वाढावेत, असा सगळ्यांचा हिशेब. निघालं उलटंच. तपासणी झाल्या झाल्या बिघाड सर्वात जास्त, मग उतरता आलेख. धड चाललेल्या यंत्राला विनाकारण हात लावणंच भोवत होतं.

१९५१ मध्ये स्वीडनचे अभियंते वायबुल यांनी आपलं वितरण (बिघाड किती काळाने होतात हे मांडणारं संख्याशास्त्रातलं सूत्र) अमेरिकी अभियंत्यांपुढे मांडलं. त्यातला एक आकडा, बीटा, आजही मेंटेनन्सवाल्यांच्या कामाचा आहे: १ पेक्षा कमी असेल तर बिघाड नव्या नवलाईतला, १ च्या आसपास असेल तर कधीही होणारा, जास्त असेल तर झिजेचा. मुदतीने भाग बदलण्याला अर्थ आहे तो फक्त झिजेच्या बाबतीत.

मोठा धक्का दिला युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी. अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी लिहिलेल्या १९७८ च्या अहवालात त्यांनी दाखवलं, की वयाप्रमाणे बिघाड वाढणारे भाग जेमतेम ११ टक्के. ६८ टक्के भागांत धोका सुरुवातीलाच, पुढे सपाट रेषा. डीसी-८ विमानात ३३९ भागांना ठरावीक मुदतीचं ओव्हरहॉल होतं, डीसी-१० मध्ये ते ७ वर आलं.

हे ६८ टक्के साखर कारखान्याला जसेच्या तसे चिकटवणारे सल्लागारही भेटतात. ऊस पिळणाऱ्या मिलचा रोलर गळीत हंगामात घासतोच, त्याला ऑफ सीझनमध्ये खोलावंच लागतं. आकडे आपल्याच यंत्रांचे हवेत. नॉर्वेत १९८१ पासून तेल कंपन्यांच्या उपकरणांचे बिघाड 'ओरेडा' या प्रकल्पात एकत्र नोंदले जाऊ लागले, ते म्हणूनच.

आपल्याकडे लॉगबुकात बहुधा एवढंच सापडतं: "बेअरिंग गेले, बदलले." किती तास चाललं, मोटरकडचं की पलीकडचं, ग्रीस सुकलं होतं की पाणी शिरलं होतं, काही नाही. आणि काढलेलं बेअरिंग तोवर भंगारात.