पॅनेल लाइन काळ्या केल्या म्हणजे विमान खरं दिसतं?

लढाऊ विमानांची मॉडेलं करणाऱ्यांमध्ये एक समज घट्ट रुजलाय: प्रत्येक पॅनेल लाइनमध्ये (विमानाच्या आवरणाच्या तुकड्यांमधल्या जोडाच्या रेघेत) काळा वॉश, म्हणजे रेघांत उतरणारा पातळ रंग, भरला की जेट 'वापरलेलं' दिसतं. दिसतं ते चौकटीच्या वहीसारखं.

साधा हिशोब करा. १/४८ (खऱ्याच्या ४८ पट लहान) मॉडेलवरची ०.३ मिमीची रेघ खऱ्या विमानावर सुमारे १४ मिमी होते, म्हणजे बोट जाईल एवढी फट! प्रत्यक्षात बरेच जोड सीलंटने बुजवलेले असतात आणि थोड्या अंतरावरून जेमतेम दिसतात.

मळ सगळीकडे सारखा बसत नाही. देखभालीसाठी वारंवार उघडली जाणारी झाकणं, चाकांच्या खोबणी आणि पोटाखालचा भाग जास्त मळतो. गळलेलं हायड्रॉलिक तेल उड्डाणात वाऱ्याबरोबर मागे ओघळतं, उभ्या विमानावर मात्र सरळ खाली. नौदलाच्या जेटवर खाऱ्या हवेमुळे गंज रोखायला जागोजागी रंगाचे ठिगळ लावतात; राखाडी पृष्ठभाग ठिपक्याठिपक्यांचा होतो तो त्यामुळे. (मला तर हे ठिगळ रंगवण्यातच खरी मजा वाटते.)

रंग उडून धातू उघडा पडल्याचं दाखवणारे चंदेरी टवकेही जपून रंगवा. एफ/ए-१८ या अमेरिकन लढाऊ जेटच्या पंखांचं आवरण कार्बन कंपोझिटचं आहे, तिथे रंग उडाला तरी खाली धातू चमकणार नाही.

वॉश टाकून देऊ नका. मूळ रंगापेक्षा थोडीच गडद राखाडी छटा घ्या, हलणाऱ्या भागांच्या फटींत ती जास्त गडद ठेवा, बाकी रेघा पुसटच राहू द्या. आणि हात चालवण्याआधी त्याच विमानाचा, त्याच काळातला फोटो समोर ठेवा.