सामायिक बर्फावरचे कर्लिंग आणि गोव्याची हवा

कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड घसरवत समोरच्या वर्तुळात नेण्याचा खेळ. पण कर्लिंगचा दगड गुळगुळीत बर्फावर चालत नाही. नियमाप्रमाणे त्याचे वजन १७.२४ ते १९.९६ किलो असते. हा ग्रॅनाइट नुसत्या सपाट बर्फावर सोडला, तर समोरच्या वर्तुळापर्यंत पोचण्याआधीच थांबतो. त्याचा तळ खोलगट असतो आणि बर्फाला टेकते ती जेमतेम पाच-सहा मिलिमीटर रुंदीची एक गोल कड. ही कड धावावी म्हणून बर्फावर गरम पाण्याचे बारीक थेंब शिंपडतात आणि ते तिथेच गोठतात. या गोठलेल्या थेंबांना पेबल म्हणतात. दगड फक्त त्यांच्या माथ्यांवरून जातो, म्हणून घर्षण कमी होते.

ज्या क्लबांचा स्वतःचा हॉल असतो तिथे हे काम रोजचे आणि निवांत असते. पण कित्येक क्लब आइस हॉकी आणि स्केटिंगच्या रिंकवर भाड्याने तास घेऊन खेळतात; हाच सामायिक बर्फ. उद्या म्हापसा किंवा मडगावकडे कुणी रिंक उभारले, तर कर्लिंगला तिथेही असेच उरलेले तास मिळतील. साधारण ६१ बाय २६ मीटरच्या हॉकी रिंकवर ४५.७२ मीटर लांबीच्या पाच शीट, म्हणजे खेळाच्या पट्ट्या, बसतात, त्यामुळे जागेची अडचण नाही. अडचण बर्फाच्या पातळीची आहे.

स्केटच्या पात्यांनी पडलेल्या खाचा डोळ्यांना दिसतात, उतार दिसत नाही. बर्फ खरवडणारे यंत्र, म्हणजे झाम्बोनी, कठड्याला अगदी चिकटून कापू शकत नाही. त्यामुळे कडेचा बर्फ हळूहळू उंच होत जातो आणि दगड मधल्या बाजूला घसरू लागतात. हॉकीवाल्यांना हे जाणवतही नाही, कर्लिंगचा मात्र खेळच बिघडतो. साधे गणित करून पाहू. पहिल्या हॉग लाइनपासून, म्हणजे जिच्या आत दगड हातातून सोडावा लागतो त्या रेषेपासून, समोरच्या वर्तुळाच्या मध्यापर्यंत २८.३५ मीटर अंतर आहे आणि दगड ते २४ सेकंदांत कापतो असे धरू. बर्फ आडव्या दिशेने मीटरमागे फक्त १ मिलिमीटर कललेला असेल, तरी दगड सुमारे १.४ मीटर बाजूला जातो. वर्तुळाची त्रिज्याच १.८३ मीटर आहे! म्हणून यंत्र चालवणाऱ्याशी आधी बोलून ठेवावे: पाणी न सोडता दोनदा कोरडे खरवडायचे, कडा वेगळ्या यंत्राने उतरवायच्या आणि शेवटी गरम पाण्याचा अगदी पातळ हात द्यायचा. फेऱ्या शीटच्या लांबीच्या दिशेने घ्याव्यात, कारण दोन पट्ट्यांच्या सांध्यावर उंचवटा राहतो.

पाणी पूर्ण गोठल्यावरच पेबल मारायचे. पाठीवर पाण्याचा डबा आणि हातात बारीक छिद्रांची झारी घेऊन, समान वेगाने उलटे चालत, मनगट डावी-उजवीकडे हलवत जावे लागते. पाय थबकले की तिथे थेंब एकमेकांत मिसळून थर होतो. सामायिक बर्फावर दोन हात मारणे चांगले. मग रुंद पात्याने थेंबांची टोके छाटतात, नाहीतर पहिले काही दगड वेडेवाकडे जातात.

पेबलला नळाचे पाणी चालत नाही. मालीमच्या जेटीवर मासळीसाठी येणारी बर्फाची लादी बघा. कडा पारदर्शक, गाभा पांढरट. पाणी बाहेरून आत गोठत जाताना क्षार आणि हवा आत ढकलत नेते, आणि ते सगळे शेवटी गोठणाऱ्या गाभ्यात अडकतात. पेबलच्या थेंबातही तेच होते आणि तो ठिसूळ होऊन लवकर झिजतो. म्हणून क्षार काढलेले पाणी वापरतात.

गोव्यात खरी लढाई हवेशी होईल. पावसाळ्यात बाहेर २८ अंश सेल्सिअस तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर एक घनमीटर हवेत सुमारे साडेचोवीस ग्रॅम वाफ असते. उणे ५ अंशांच्या बर्फालगतची हवा सव्वातीन ग्रॅमच धरू शकते. उरलेली वाफ जिथे थंड पृष्ठभाग मिळेल तिथे उतरते. उघड्या दारातून १०० घनमीटर हवा आत आली, तर तिच्यातले दोन किलोंहून जास्त पाणी बर्फावर हिम होऊन बसू शकते. हे हिम पेबलच्या फटी भरून टाकते. दगड जड जातो, वळण बेभरवशाचे होते आणि दाराजवळची शीट सगळ्यात आधी बिघडते. उपाय महाग आहे, पण त्याला पर्याय नाही: दोन दारांमध्ये बंद खोली आणि ओलावा शोषून घेणारे यंत्र. थंड कॉइलवर पाणी गोळा करणारी साधी यंत्रे इथे कमी पडतात, कारण इतकी कोरडी हवा हवी असेल तर कॉइलवरच बर्फ धरतो. सिलिका जेलसारखा शोषक पदार्थ असलेली यंत्रे चालतात. हॉलमध्ये नुसता आर्द्रतेचा टक्का बघून भागत नाही, दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ उतरू लागते ते, मोजावा आणि तो शक्य तितका बर्फाच्या तापमानाजवळ ठेवावा.

दगड कुठे ठेवायचे हा प्रश्नही किरकोळ नाही. १९ किलोंचा दगड २८ अंशांच्या खोलीतून थेट बर्फावर ठेवला, तर शून्य अंशापर्यंत थंड होताना तो सुमारे ४२५ किलोजूल उष्णता सोडतो. ती सगळी बर्फात गेली तर सव्वा किलो बर्फ वितळतो. दगड खळग्यात रुततो आणि कडेखाली पाणी गोठते. एका शीटला असे १६ दगड लागतात. ते कायम थंड कपाटात किंवा फ्रीझरमध्ये राहिले पाहिजेत आणि खेळाआधी प्रत्येकाची कड पुसली पाहिजे.

बर्फ कसा झाला हे घड्याळ सांगते, फक्त उलट्या भाषेत. चांगल्या बर्फावर हॉग लाइनपासून समोरच्या मध्यापर्यंत दगड सुमारे २४ सेकंद घेतो. सामायिक बर्फावर हाच आकडा २० पर्यंत उतरतो, आणि नवख्याला वाटते बर्फ वेगवान आहे. वस्तुस्थिती अशी की घर्षण जास्त असल्याने दगड जोरात ढकलावा लागला, म्हणून वेळ कमी झाला. घर्षण सर्वत्र सारखे धरले, तर २४ सेकंदांना घर्षणांक साधारण ०.०१० येतो आणि २० सेकंदांना ०.०१४५, म्हणजे जवळजवळ दीडपट. खेळ चालू असताना आकडा उतरू लागला, तर आधी दवबिंदू तपासावा, पेबलला नंतर दोष द्यावा.

दगड सोडताना पाय टेकवायचा हॅक सामायिक रिंकवर कायमचा बसवता येत नाही. त्याची पट्टी थोडे पाणी ओतून बर्फाला चिकटवतात. खेळ संपल्यावर ती उपसून खड्डा बर्फाच्या चुऱ्याने आणि पाण्याने भरावा, आणि पेबल पूर्ण खरवडून काढावे. पुढच्या तासाला तिथे मुले स्केट घालून उतरणार असतात.

नवा क्लब सुरू करायचा असेल तर डिसेंबर-जानेवारीत करावा. तेव्हा बाहेरची हवा त्यातल्या त्यात कोरडी असते आणि जूनच्या आत यंत्रणेची खरी ताकद कळते.