खुंटीच नसलेलं रक्त

‘ओ निगेटिव्ह रक्त कुणालाही चालतं’ हा मेसेज परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा फिरला. जवळजवळ खरं आहे. पण ज्यांना ते चालत नाही, त्यांच्या रक्तगटाला आपल्याच शहराचं नाव आहे: बॉम्बे ग्रुप. डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो 1952 साली मुंबईत शोधला.

तांबड्या पेशीवर साखरेच्या रेणूंच्या छोट्या साखळ्या असतात. साखळीच्या टोकाशी फ्युकोज नावाची साखर जोडली की तयार होतो ‘एच’. ही झाली खुंटी. तिच्यावर ए गटाचं एन्झाइम एक साखर अडकवतं, बी गटाचं दुसरी. ओ गटात काहीच अडकवलेलं नसतं, नुसती खुंटी. खुंटी ठोकणारं जनुक एफयूटी1, 19व्या गुणसूत्रावर. ए-बी ठरवणारं 9व्यावर. आई आणि वडील दोघांकडून एफयूटी1ची बिघडलेली प्रत आली तर खुंटीच बसत नाही. मग ए किंवा बीचं एन्झाइम शाबूत असलं तरी अडकवणार कशावर? नेहमीच्या तपासणीत हे रक्त ‘ओ’ दिसतं. गंमत म्हणजे अशा ‘ओ’ आईकडून मुलाला बी गट मिळू शकतो, आणि घरात नसत्या शंका सुरू होतात!

धोका वेगळाच. ‘एच’ कधी पाहिलाच नसल्यामुळे या लोकांच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडं असतात, आणि ओ रक्तात ‘एच’ सर्वांत जास्त. ते चढवलं तर पेशी धडाधड फुटतात. अशा माणसाचं सीरम (रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणारा द्रव) ओ पेशींशी मिसळून पाहिलं की गुठळ्या होतात आणि खरा गट उघड होतो.

भारतात साधारण दहा हजारांत एक, युरोपात दहा लाखांत एक. नात्यातल्या लग्नांमुळे प्रमाण वाढतं. ‘नवरा-बायकोचा रक्तगट एकच नको’ म्हणून चांगली स्थळं मोडणारी मंडळी (या समजुतीला काडीचाही आधार नाही) मामाच्या मुलीशी लग्न मात्र बिनघोर लावतात.

असा रुग्ण आला की रक्तपेढी आधी सख्ख्या भावंडांची चौकशी करते. त्यांचाही गट हाच असण्याची शक्यता चारात एक. आरएच (पॉझिटिव्ह की निगेटिव्ह) मात्र तिथेही जुळवावाच लागतो.