दंगल नियंत्रण पथक आणि क्यूआरटी: सराव एकसारखा नसतो

गणपती जवळ आले की भिवंडी, मुंब्रा, राबोडीत पोलिसांचं संचलन निघतं आणि सोसायटीच्या ग्रुपवर फोटो येतात: 'कमांडो सज्ज!' फोटोत हेल्मेट, ढाल आणि लाठी असते. ते दंगल नियंत्रण पथक. क्यूआरटी, म्हणजे शीघ्र प्रतिसाद पथक, वेगळं.

दंगल नियंत्रणाचा सराव बहुतेकांनी पोलीस मैदानावर पाहिलेला असतो. आधी इशारा, मग अश्रुधूर, लाठीमार आणि अगदी नाइलाज झाला तरच गोळीबार. जमावाला पळायला वाट मोकळी ठेवायची. गणवेश आणि शस्त्रांमधले फरक डोळ्यांना दिसतातच, त्यात शिरत नाही.

खरी गोम आहे निर्णय कोण घेतो यात. बेकायदा जमाव पांगवण्याचा हुकूम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 148 नुसार कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाण्याचा प्रभारी अधिकारी देतो; प्रभारी नसेल तर किमान उपनिरीक्षक. त्यामुळे रांगेतल्या शिपायाला शिकवायचं ते हेच, की हुकमाशिवाय हलायचं नाही. अंगावर दगड आला तरी रांग मोडायची नाही.

क्यूआरटीत नेमकं उलटं. समजा, घोडबंदर रोडवरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये बंदूकधाऱ्यानं घरच्यांना ओलीस धरलंय. दारातून आत पाऊल पडलं की साहेबांना विचारायला सवड नाही. खोलीचा जो कोपरा ज्याच्या वाट्याचा, तिथला निर्णय त्याचा एकट्याचा, तोही क्षणात. म्हणून या सरावाचा गाभा गोळी न झाडण्यात आहे. एका लक्ष्यचित्रातल्या माणसाच्या हातात पिस्तूल, शेजारच्याच्या हातात मोबाइल. आधी हात बघायचे, मग ठरवायचं. ठरेपर्यंत बोट ट्रिगरवर नाही, बाहेर बंदुकीच्या अंगाला सरळ टेकवलेलं. नळी सोबत्याच्या अंगावरून फिरता कामा नये. हे सगळं आधी रिकाम्या बंदुकीनं, अंगवळणी पडेपर्यंत. दहाच्या दहा गोळ्या मध्यभागी मारल्या आणि मोबाइलवाल्याला एक लागली, तर माझ्या लेखी तो नापास.

म्हणूनच 'एवढे कमांडो असून दगडफेक थांबली कशी नाही?' हा प्रश्न ऐकला की राग येतो. एकट्यानं क्षणात निर्णय घ्यायला तयार केलेला रायफलधारी जमावासमोर उभा करणं धोक्याचं आहे. तिथे लाठीवालेच हवेत.

वाशीच्या मॉलमधलं मॉक ड्रिल हा आणखी वेगळा प्रकार. त्यात निरोप, नाकाबंदी, अग्निशमन आणि रुग्णवाहिकेचा मेळ तपासतात, नेमबाजी नाही.

आणि खरी घटना घडत असेल तर पथकाच्या हालचालींचं लाइव्ह कृपया करू नका. 26/11 ला एनएसजी, म्हणजे केंद्राचं कमांडो दल, दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचलं. तोवर मुख्य भार स्थानिक पोलिसांवर होता. थेट प्रक्षेपण पाहून पाकिस्तानातले सूत्रधार अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयानं 2012 च्या कसाब निकालात त्याबद्दल वाहिन्यांवर कडक ताशेरे ओढले आहेत.